आधी धाकट्यांची सही

माझी धाकटी जाऊ पाहुण्यांना माझी ओळख करून देते तेव्हा 'आमच्या जाऊबाई लातूरला क्लासमध्ये टायपिंग करायच्या' असं सांगते. मी तिला दुरुस्त करत नाही. समजावायला बसले तर चहा निवतो आणि पाहुणे घड्याळाकडे बघू लागतात. आता दिवाळी अंकानं हक्काची पानं दिलीच आहेत, तर एकदा नीट सांगून टाकते. मी टायपिंग करायचे हे खरं, पण ते सुरुवातीची काही वर्षं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझं काम म्हणजे कुणाच्या सहीवर किती विश्वास ठेवायचा हे कम्प्युटरला शिकवणं.

मी बिलोलीकडची. टायपिंगची परीक्षा पास झाले आणि त्याच वर्षी भूकंप झाला. पुनर्वसनाच्या कामाला टायपिस्ट हवे होते, म्हणून वडिलांनी मला लातूरला मावशीकडे आणून सोडलं. दिवसभर पंचनामे टाईप करायचे. कुणाचं घर किती पडलं, आत काय होतं, काय उरलं, आणि खाली पंचांच्या सह्या, अंगठे. तेव्हा मी वीस वर्षांची होते. पहिले काही दिवस टाईप करता करता रडायचे, मग हळूहळू फक्त टाईप करायला लागले. त्याची मला अजून थोडी लाज वाटते.

ते काम संपलं तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. एका गल्लीत एवढे क्लास, की चुकून भलत्याच जिन्यानं वर गेलेला पोरगा तिथलं गणित शिकून खाली यायचा. नांदेड, परभणी, पार बिदरकडूनसुद्धा आईबाप पोरांना ट्रंक, गादी आणि चिवड्याचा डबा देऊन सोडून जायचे. अशाच एका क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिका टाईप करायला लागले. क्लासचं नाव लिहीत नाही. जे ओळखायचे ते ओळखतील आणि जे नाही ओळखणार त्यांचं काही अडत नाही.

क्लासची खरी दौलत म्हणजे प्रश्नपेढी. वर्षानुवर्षं जमवलेले, घासूनपुसून ठेवलेले हजारो प्रश्न आणि त्यांची उत्तरं. हे सगळं पेनड्राईव्हवर फिरायचं. माझ्या टेबलावर एकाच पेपरच्या चार फायली असायच्या: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरं' आणि 'सरांनी पाहिलेलं फायनल'. एकदा आमच्या नांदेड शाखेत 'फायनल नवीन' छापला गेला आणि लातुरात 'फायनल नवीन खरं'. पोरांनी एकमेकांना फोन करून उत्तरं जुळवली आणि दोन्ही गावांत रडारड झाली. त्यानंतर संचालकांनी पुण्याहून एक इंजिनिअर बोलावला. त्यानं चार दिवसांत व्हर्जन कंट्रोल नावाची व्यवस्था बसवून दिली.

ती काय असते ते सांगते. यात जुनं काही पुसलं जात नाही. तुम्ही प्रश्नात एक शब्द बदलला तरी ती नवी नोंद होते, जुनी तिच्याखाली तशीच राहते, आणि कुणी, कधी, काय बदललं ते कुणालाही बघता येतं. प्रत्येक बदलाखाली बदलणाऱ्याची डिजिटल सही असते. ही सही पेनानं करायची नसते. प्रत्येकाला एक गुप्त किल्ली दिलेली असते, आपल्या पासवर्डानं ती उघडायची आणि बदलावर लावायची. इथवर सगळं कम्प्युटर करतो. सही खरी की खोटी ते त्याला अचूक कळतं. पण सही खरी असली तरी ती या कामाला चालेल का, हे त्याला कळत नाही. ते आपण नियम लिहून सांगायचं. इंजिनिअर जाताना म्हणाला होता, "मॅडम, बाकी सगळं आपोआप चालेल. विश्वासाचे नियम तेवढे तुमच्या पद्धतीनं बसवून घ्या." आमची पद्धत काय आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मुळात जो नियम आला होता तो अगदी भोळा होता. ओळखीच्या माणसाची सही दिसली की बदल मान्य. पहिल्याच आठवड्यात प्राणिशास्त्राच्या सरांनी भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात सुधारणा केली. लंबकाच्या जागी त्यांनी माकड लटकवलं, मुलांना रस वाटावा म्हणून. सर ओळखीचे, सही खरी, माकड मंजूर. मग मी नियमांच्या फायलीत पहिली ओळ घातली: ज्याचा विषय त्याचीच सही. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःला बक्षीस म्हणून मोगऱ्याचा गजरा घेतला.

दुसरा धडा काही वर्षांनी मिळाला आणि महाग पडला. रसायनशास्त्राचे एक सर समोरच्या क्लासला गेले. संचालक तापले आणि म्हणाले, त्यांचं नाव यादीतून आजच्या आज काढा. मी काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर काढायला बसले तर अर्धं सेंद्रिय रसायन गायब. कम्प्युटरचं काही चुकलं नव्हतं. या माणसावर विश्वास ठेवू नको असं मीच त्याला सांगितलं होतं, तर त्यानं सरांच्या सहीचं सात वर्षांचं सगळं काम बाजूला काढून ठेवलं. अकराला टेस्ट होती. मी घाम पुसत नवी ओळ लिहिली: यांची सही सोडून गेल्याच्या तारखेपर्यंतची मान्य, पुढची नाही. प्रश्न परत आले. माणूस गेला म्हणून त्यानं केलेलं काम खोटं होत नाही, हे कम्प्युटरला एका ओळीत समजलं. संचालकांना समजायला आठवडा लागला.

अशा ओळी घालत घालत माझी फाईल वाढली. तिच्यात सगळ्यात लाडकी ओळ उत्तरतालिकेची. उत्तरतालिका म्हणजे कुठल्या प्रश्नाला कुठला पर्याय बरोबर त्याची यादी. तिच्यावर तीन सह्या हव्यात असा नियम मी केला. एक पेपर काढणाऱ्याची, दोन त्याच विषयाच्या इतरांची. तीन जणांनी तपासल्यावर चूक राहील कशी, असं मी नांदेड शाखेच्या लोकांना फोनवर ऐकवायचे. आता आठवलं की हसू येतं.

आमच्याकडे भौतिकशास्त्राला बिराजदार सर होते. निलंग्याकडचे, साठीला आलेले, पांढरा शर्ट, खिशात दोन खडू. क्लासच्या फलकावर संचालकांपेक्षा सरांचा फोटो मोठा होता. त्यांच्या हाताखाली नसरीन शेख मॅडम शिकवायच्या. लातूरच्याच, वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. त्या सरांच्याच विद्यार्थिनी, त्यामुळे शिक्षिका झाल्या तरी सर त्यांना बेटा म्हणायचे आणि त्या सरांसमोर खुर्चीत बसायच्या नाहीत.

क्लासची एक चाळीस जणांची खास तुकडी होती. तिच्यात निवड झाली की राहणं, जेवण, शिकवणं सगळं क्लासकडे. निवड एप्रिलातल्या एका परीक्षेवर व्हायची, आणि बाहेरगावची पोरं यादी लागेपर्यंत क्लासच्याच हॉस्टेलात राहायची. त्या वर्षी उत्तरतालिकेसकट कच्ची यादी लागली आणि पक्की यादी दुसऱ्या दिवशी पाचला लागणार होती. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी माझ्या खिडकीशी आली. दीपाली तिचं नाव, हदगावकडची. आई अंगणवाडीत मदतनीस. यादीत दीपाली एक्केचाळिसावी होती. आई मागं जिन्यात पिशवी घेऊन बसली होती, कारण नाव न आल्यास संध्याकाळच्या गाडीनं दोघी गावाकडे परतणार होत्या आणि पोरीचं शिक्षण तालुक्याच्या कॉलेजात जे होईल ते.

"ताई, छत्तिसाव्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय," ती म्हणाली. "माझं न्हाई. तुमचं."

असं म्हणणारी पोरं दरवर्षी येतात. मी ठरलेलं उत्तर दिलं, की बाई गं, त्या उत्तराखाली तीन सरांच्या सह्या आहेत.

"हाव. पण तिघांपैकी कुणी करून बघितलं का?"

मला राग आला, आणि रागावूनच मी तो प्रश्न उघडला. पेल्यातल्या पाण्यावर बर्फाचा खडा तरंगतो आहे, त्यात लोखंडी बोल्ट गोठवलेला आहे. बर्फ वितळल्यावर पाण्याची पातळी वाढेल, तेवढीच राहील की उतरेल? तालिकेत उत्तर होतं: तेवढीच राहील. मग मी जुन्या नोंदी बघितल्या. दोन वर्षांपूर्वी या प्रश्नात बोल्ट नव्हता, साधा बर्फ होता. साध्या बर्फाला पातळी तेवढीच राहते, एवढं मलाही ऐकून ऐकून माहीत झालं होतं. या वर्षी बिराजदार सरांनी प्रश्न जरा अवघड करायला बर्फात बोल्ट घातला आणि उत्तर मात्र जुनंच राहिलं. खाली सरांची सही, नसरीन मॅडमची सही, तिसऱ्या एका तरुण सरांची सही.

दीपालीनं ओढणीत गुंडाळलेलं भांडं माझ्या टेबलावर ठेवलं. रात्रभर मेसच्या फ्रिजमध्ये ठेवलेला वाडगाभर बर्फ, आणि त्यात तिच्या हॉस्टेलच्या खाटेचा बोल्ट. मी मेसमधून लोणच्याची काचेची बरणी मागवली. एप्रिलातलं लातूर, बरणीभर पाणी प्रयोगाला द्यायला मेसच्या बाईंनी दोनदा कारण विचारलं. बर्फ पाण्यात सोडला, पातळीशी मार्करनं रेघ मारली, आणि मी नसरीन मॅडमना बोलावून घेतलं.

बर्फ वितळत होता तोवर मी सह्यांच्या वेळा बघितल्या. बिराजदार सरांची सही अकरा वाजून दहा मिनिटांनी. नसरीन मॅडमची अकरा बारा. तिसरी अकरा तेरा. पन्नास प्रश्नांची तालिका दोन मिनिटांत कुणी तपासत नाही. मी मॅडमकडे बघितलं. त्या बरणीकडे बघत होत्या.

"ताई, सरांची सही दिसल्यावर मी काय तपासणार होते?" त्या हळूच म्हणाल्या. "तपासायला बसले असते तर सरांवर शंका घेतल्यासारखं झालं असतं."

मला एकदम पंचनाम्यांचे दिवस आठवले. एका गावाच्या पंचनाम्यात गल्लीच्या टोकाचं एक अख्खं घर राहून गेलं होतं. ते उघड झालं तेव्हा पंच म्हणाले होते, गावच्या मोठ्या माणसानं वर सही केली होती, मग आम्ही खाली काय बघायचं? तो कागद मी स्वतः टाईप केला होता. तेव्हा त्या पंचांना मनातल्या मनात नावं ठेवली होती, आणि एवढ्या वर्षांनी मी तोच पंचनामा कम्प्युटरवर नव्यानं मांडून बसले होते. माझ्या नियमात तीन सह्या मोजल्या जात होत्या. तपासणं एकाचंही होत नव्हतं.

पाऊण तासात बर्फ संपला, बोल्ट तळाशी बसला आणि पाणी रेघेच्या सूतभर खाली गेलं. दीपालीनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

संचालक आले तेव्हा साडेतीन झाले होते. माणूस वाईट नव्हता, पण पाचच्या यादीची घाई होती आणि फलकावरच्या फोटोची काळजी होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, सोनकांबळे ताई, नियमांची फाईल तुमच्याच हातात आहे ना? आजच्यापुरता नियम सैल करा, नसरीनची एकटीची सही चालू द्या, उत्तर बदला आणि यादी काढा. बिराजदार सरांना सांगायची गरज काय? उगीच म्हाताऱ्या माणसाला लागेल.

खोटं कशाला सांगू, मी ती ओळ टाईप केली होती. एवढं सोपं होतं. पोरीचं काम झालं असतं, सरांचा मान राहिला असता, नोंद राहिली असती, पण ती उघडून बघायला कुणी गेलं नसतं. पण ही फाईल माझ्या हातात होती ती याच भरवशावर, की मी तिच्यात चोरून काही बदलणार नाही. आज चांगल्या कामासाठी गुपचूप वाकवली तर उद्या कुणीतरी वशिल्याच्या पोरासाठी वाकवायला सांगेल, आणि तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे तोंड उरणार नाही. मी ओळ खोडली आणि सरांना फोन लावला. संचालकांनी कपाळाला हात लावला.

सर स्कूटरवर दहा मिनिटांत आले. बरणी बघितली. रेघ बघितली. तळाचा बोल्ट बघितला. मग दीपालीला म्हणाले, सांग बघू का उतरलं ते.

"बोल्ट बर्फात होता तवर बर्फच त्याला उचलून धरून राहिला होता, सर. म्हणून बोल्टाच्या वजनाइतकं पाणी वर ढकललं गेलं. बर्फ गेला, बोल्ट बुडाला. आता त्याच्या अंगापुरतंच पाणी ढकललं जाऊन राहिलं. लोखंड लई जड, अंग लहान. म्हणून उतरलं."

मला वाटलं, आता सर रागावतात की काय. मग त्यांनी खिशातला खडू काढून उगीच हातात फिरवला आणि म्हणाले, "बोल्ट मी घातला आणि मीच विसरलो की. कमाल हाय."

संचालक म्हणाले, सर, उत्तर बदललं तर चाळिसावा आहे तो चाकूरचा मुलगा खाली जातो, खाटा चाळीसच आहेत. हे मात्र मी विसरूनच गेले होते. दीपालीच्या पायी दुसऱ्या कुणाची तरी आई जिन्यात पिशवी घेऊन बसणार होती. सरांनी दोन क्षण विचार केला. चूक माझी, तर खाटही माझी, म्हणाले. पोरगा वर्षभर माझ्या घरी राहील, जेवेल, आणि वर्गात या चाळिसांबरोबर बसेल. एक बाक वाढवा. संचालकांना नाही म्हणायला जागा राहिली नाही.

मग सर माझ्याकडे वळले आणि सह्यांच्या वेळा दाखवा म्हणाले. मी दाखवल्या. अकरा दहा, अकरा बारा, अकरा तेरा. नसरीन मॅडमनी मान खाली घातली. सरांनी विचारलं, की या यंत्राला असं सांगता येतं का, की आधी धाकट्यांच्या सह्या आणि माझी सगळ्यात शेवटी? येतं, मी म्हटलं. त्यांच्या आधी मी सही केली तर ती मोजायचीच नाही, असं? तेही येतं.

"मग आताच करा," सर म्हणाले. "आणि हीच दुरुस्ती पहिली जाऊ द्या त्यातनं."

मी नियम बदलला. चारच ओळी लागल्या. तिसरे तरुण सर लगेच आले, बरणी बघितली, कागदावर मांडून बघितलं, सही केली. सरांनी सही न करता दुरुस्तीचा मसुदा लिहून ठेवला होता: उत्तर चुकीचे होते, चूक माझी, विद्यार्थिनी दीपालीने दाखवली. ते अजून तिथे आहे, आमच्या व्यवस्थेत काही पुसलं जात नाही. मग नसरीन मॅडमची पाळी. खोलीत त्या कम्प्युटरसमोर एकच खुर्ची. मॅडम उभ्याच राहून माऊसला हात लावायला लागल्या तर सर म्हणाले, बस बेटा, बसून बघ.

त्या बसल्या. सर त्यांच्या मागं उभे. पावणेपाच झालेले. संचालक घड्याळ बघताहेत, दीपाली दाराशी, जिन्यात तिची आई. आता यंत्रावर सरांची सही नव्हती, टेकायला काही नव्हतं. मॅडमनी कोरा कागद घेतला. प्रश्न पहिल्यापासून वाचला, आकृती काढली, समीकरण मांडलं. उत्तर समोर बरणीत दिसत होतं, तरी त्या ओळ ओळ सोडवत होत्या. दहा मिनिटं गेली. मग त्या थांबल्या.

"सर, उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण प्रश्नात बोल्ट भरीव आहे असं लिहायला हवं. पोकळ वस्तू असती तर बर्फ गेल्यावरही तरंगली असती, आणि मग पातळी बदललीच नसती. बोल्ट भरीवच असतो, पण पोरं भांडतील. असं मी सही करू शकत नाही."

संचालकांनी डोळे मिटले. मी सरांकडे बघितलं नाही, माझी छातीच झाली नाही. सर पुढं वाकले, चष्मा वर सरकवला, मॅडमचा कागद वाचला. सगळा वाचला. मग त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि दोन बोटांनी, एक एक अक्षर शोधत, 'भरीव' हा शब्द घातला. पुन्हा मागं होऊन उभे राहिले. बदल नवा, म्हणून तरुण सरांनी परत सही केली. नसरीन मॅडमनी पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली.

पाच वाजून गेले होते. सरांनी आपला पासवर्ड टाकायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"आता मी करू का सही, मॅडम?" त्यांनी विचारलं.

नसरीन मॅडम खुर्चीतून उठायला गेल्या. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि तसंच, त्यांच्या मागं उभ्यानंच, सही केली. साडेपाचला यादी लागली. दीपाली एकोणचाळिसावी होती.